कॅलिपरची खांदमळणी

बाबांनी मला एकदा सांगून ठेवलं होतं : ज्या वस्तूबद्दल विकणारा 'हिले काहीच करा लागत नाही' असं म्हणतो, ती वस्तू घेऊ नये. हे त्यांनी जर्सी गाय घेऊन झाल्यावर सांगितलं. मला ते इलेक्ट्रिक गाडी घेऊन झाल्यावर आठवलं. आमच्या घराण्यात शहाणपण नेहमी पावती फाटल्यावर येतं.

शोरूममधला पोरगा मोठा गोड होता. "सर, इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही..." तो बोटांवर मोजून काय काय नाही ते सांगत होता आणि मी प्रत्येक 'नाही'ला मान डोलवत होतो. एवढं सगळं नसलेली वस्तू एवढे पैसे मोजून मी आयुष्यात पहिल्यांदाच घेत होतो. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. फक्त गाडीत जे आहे त्याची यादी त्यानं दिली नाही आणि मी मागितली नाही. त्या न मागितलेल्या यादीत ब्रेक होते.

तीन वर्षं मजेत गेली. नांदगाव पेठ म्हणजे टोलनाक्यामुळे ज्याचं नाव सुरतपासून ओडिशापर्यंतच्या ट्रकवाल्यांना पाठ आहे, ते आमचं गाव. अमरावतीला रोजचं जाणं-येणं. हिरव्या पाटीची गाडी नाक्यावर चहाला थांबली की दोन प्रश्न ठरलेले : 'किती देते?' आणि 'सरकारी हाय का?' पहिल्याचं उत्तर दिलं की माणूस मनातल्या मनात पेट्रोलचा हिशोब करतो आणि हळहळतो. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' दिलं की तो हळहळत नाही, चहाचे पैसे आपण द्यायची वाट बघतो. एका म्हाताऱ्यानं मात्र वेगळंच विचारलं. "धूर कुठून निंगते?" मी एमआयडीसीकडे बोट केलं. तिथं २७० मेगावॅटचे पाच संच आहेत, कोळशावर चालणारे, म्हणजे एकूण १३५० मेगावॅट. माझ्या गाडीत त्यांचीच वीज येते असं काही नाही, तारेत शिरल्यावर कोणाची कोण ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण म्हाताऱ्याचं समाधान झालं. "म्हंजे सायलेन्सर हाय," तो म्हणाला, "फक्त लांब बसोलं हाय."

श्रावणात गाडी बोलायला लागली. आठ दिवस झड लागली होती, गाडी अंगणात उभीच होती. उघडीप झाल्यावर बाहेर काढली तर ब्रेक दाबताच पुढच्या डाव्या चाकातून 'कुईंऽऽऽ' असा आवाज आला. पहिल्या दिवशी मला वाटलं डुकराचं पिल्लू आडवं आलं. दुसऱ्या दिवशी गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढायला लागली. तिसऱ्या दिवशी अमरावतीहून येऊन उतरलो तर तेच चाक तव्यासारखं तापलेलं आणि बॅटरी रोजच्यापेक्षा जास्त खाल्लेली. घरात फक्त बायकोला हा बदल आवडला. इतकी वर्षं गाडी मांजरीसारखी मागून येते म्हणून गल्लीतल्या बायका तिच्याकडे तक्रार करत होत्या. "निदान आता लोक बाजूले तरी होतात," ती म्हणाली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॅलिपर बदलायला सांगितला आणि आकडा सांगितला. मी तो आकडा ऐकून 'घरी विचारून सांगतो' म्हणालो. घरी विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून मिस्त्रीकडे गेलो.

आमच्या मिस्त्रीचं गॅरेज हायवेला लागून आहे. ट्रकचा ब्रेक आवाजावरून ओळखणारा माणूस. त्यानं माझी गाडी आठ फुटांवरून ऐकली. जवळ आला नाही.

"पिना जाम झाल्या," तो म्हणाला. "खोलून, साफ करून, ग्रीसिंग केलं का झालं. अर्ध्या घंट्याचं काम."

"मग करा की."

"मी नाही करत. करंट मारते."

मी त्याला समजावलं की ब्रेकमध्ये करंट नसतो, तिथं तेल असतं. जास्त व्होल्टेजच्या वायरी कंपनीनं मुद्दाम नारिंगी रंगाच्या केलेल्या असतात आणि त्या चाकाच्या या बाजूला येत नाहीत. नारिंगी म्हटल्यावर तो आणखी दोन फूट मागे सरकला. मोर्शी-वरूडच्या संत्र्यांवर वाढलेल्या माणसाला त्या रंगाची भीती घालणं हे कंपनीलाच जमलं. शेवटी तडजोड झाली. हात माझे, अक्कल त्याची. तो पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकान बंद ठेवतो, त्या दिवशी घरी येईल, ओसरीवर बसेल, रबरी चप्पल घालून बसेल आणि तिथूनच सांगेल.

आता कॅलिपर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण मलाही ते त्या दिवशीच कळलं. चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड. त्या पॅडांना कवेत धरणारा मोठा चिमटा म्हणजे कॅलिपर. गंमत अशी की आपल्यासारख्यांच्या गाडीत दाबणारा दट्ट्या एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या दाबाच्या धक्क्यानं अख्खा चिमटा दोन गुळगुळीत पिनांवरून सरकतो व बाहेरचा पॅड आपोआप ओढून आणतो. पिन सरकली नाही तर एकच पॅड राबतो, जोडीतला एक बैल बसला आणि दुसऱ्यानं एकट्यानं वखर ओढला तसं. आणि पेडल सोडल्यावर चिमटा मागे सरकला नाही तर पॅड डिस्कला घासतच राहतो. चाक तापतं, बॅटरी जाते, डुकराचं पिल्लू ओरडतं.

हे सगळं पेट्रोलच्या गाडीतही होतं. पण इलेक्ट्रिकमध्ये अधिक का होतं, हे मला बाबांनी सांगितलं. त्यांना गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

"या गाडीले ओढते कोन?" त्यांनी विचारलं.

"मोटर."

"आन थांबोते कोन?"

"जास्त करून तीच मोटर."

"मंग बंडीच झाली ना हे."

इतक्या कमी शब्दांत हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या बंडीला ब्रेक नव्हता. चढावर बैल ओढायचे, उतारावर तेच बैल मागे रेलून, जू मानेवर घेऊन सगळा भार तोलून धरायचे. इलेक्ट्रिक गाडीत पाय पेडलवरून उचलला की मोटर उलटी कामाला लागते. चाकं तिला फिरवतात, ती वीज करायला लागते आणि वीज करायला जो जोर लागतो तो गाडीच्या वेगातून जातो. गाडी मंदावते, वीज परत बॅटरीत. गेल्या दिवाळीत चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना हे मी बाबांना दाखवलंही होतं. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. वरून निघालो तेव्हा बॅटरी ४६ टक्के होती, घाट संपला तेव्हा ४८. (बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरायला लागलात तर मात्र मोटरला वीज ठेवायला जागाच नसते, मग सगळा भार खऱ्या ब्रेकवर येतो. हे पुस्तकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.) बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "उतारावर बैल दमला म्हनून त्याच्या पोटात कुटार वापस आलेलं म्या नाही पाह्यलं."

तर मुद्दा असा, की थांबवायचं काम मोटर करते आणि ब्रेक नुसता हुद्द्यावर आहे. टेबल आहे, खुर्ची आहे, पाटी आहे, फाइल येत नाही. पेट्रोलच्या गाडीत पॅड रोज डिस्कला घासून तिच्यावरचा गंज पुसून टाकतात. इथं डिस्क पावसात भिजते, गंजते आणि तिला पुसायला कोणी येत नाही. पिनांवरचं ग्रीस वाळतं, त्यात आमच्या हायवेची धूळ बसते. त्यात आमचा रस्ताही असा, की ब्रेक लावायचं निमित्तच मिळू नये. अमरावती ते अकोला हा पट्टा तर गिनीज बुकात गेलेला : २०२२ च्या जूनमध्ये तिथं १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर पडलं. त्या रस्त्यानं अकोल्याच्या साडूकडे जाऊन आलो तेव्हा ब्रेकला मी जाताना एकदा आणि येताना एकदा पाय लावल्याचं आठवतं. दोन्ही वेळा पुढं म्हैस होती.

ही अडचण एकट्या नांदगाव पेठेची नाही, हे मी मिस्त्रीला मोठ्या अभिमानानं सांगितलं. फोक्सवॅगननं आपल्या आयडी-३ आणि आयडी-४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागच्या चाकांत चक्क जुने ड्रम ब्रेक दिले. मागच्या ब्रेकला कामच कमी, उघडी डिस्क गंजत बसण्यापेक्षा झाकलेला ड्रम बरा, असा त्यांचा हिशोब.

"म्हंजे जर्मनीवाले वापस ड्रमवर आले?" मिस्त्रीच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी त्याच्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. "मी का म्हनत होतो! लोनचं झाकूनच ठेवा लागते."

आता ग्रीस. मिस्त्रीच्या मते ग्रीस म्हणजे ग्रीस. डब्यातलं पिवळं, बोटभर घ्या, फासा. पण माझा पोरगा अकरावीत आहे आणि मोबाइलवर त्याचं शिक्षण माझ्या डोळ्यांदेखत चालू असतं. त्यानं सांगितलं की खनिज तेलाचं साधं ग्रीस तिथं चालत नाही. पिनांवर रबराच्या टोप्या असतात. ते रबर अशा ग्रीसनं फुगतं, ढिलं पडतं, आणि सरकावी म्हणून तेल घातलेली पिन महिन्याभरात आणखी घट्ट बसते. तिथं सिलिकॉनचं ग्रीस लागतं. आम्ही अमरावतीला इतवाऱ्यात गेलो. दुकानदार म्हणाला, आहे की, आणि त्यानं खिडकीच्या काचा बसवायचा सिलिकॉन काढून दिला. जन्मात सुटू नये म्हणून लावायची वस्तू आणि जन्मभर सरकत राहावी म्हणून लावायची वस्तू, दोन्हींचं नाव एकच. पोरगं सोबत नसतं तर माझी गाडी आज स्मारक झाली असती.

मग ऑनलाइन मागवलं. आमच्या जिल्ह्यात नांदगावं दोन. एक आमचं, पेठ, अमरावतीहून नागपूरच्या वाटेवर. दुसरं नांदगाव खंडेश्वर, अमरावतीच्या पार दुसऱ्या अंगाला, यवतमाळच्या बाजूला, स्वतःचा तालुका असलेलं. पत्र, लग्नपत्रिका, वरात आणि एकदा तर जावई, असं सगळं आमच्याकडचं तिकडे आणि तिकडचं आमच्याकडे जातं. तीन दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन आला.

"सर, मी मंदिराजवळ उभा हाव. घर कोनतं?"

"मंदिर कोणतं?"

"खंडेश्वराचं."

"भाऊ, तिथून मोठी चिमणी दिसते का?"

"नाही सर. कळस दिसते."

ग्रीसची ती वीस ग्रॅमची ट्यूब मग जिल्हा पालथा घालून, पोळ्याच्या दोन दिवस आधी आली. वजनाच्या मानानं तिनं माझ्या गाडीपेक्षा जास्त प्रवास केला असेल.

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ वाजता सगळे जागेवर होते. ओसरीच्या बाकावर मिस्त्री, रबरी चप्पल घालून. त्याच्या शेजारी बाबा. तुळशीपाशी पोरगा, मोबाइल हातात. आणि दारात बायको, हातात वाळलेली बांबूची काठी. "ही कशाला?" मी विचारलं. "तुम्ही चिकटले तर," ती शांतपणे म्हणाली. काठी मारून सोडवायचं असतं हे तिला माहीत होतं. किती जोरात मारायचं याबद्दल तिच्या मनात काही योजना असाव्यात असं मला वाटलं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करून घ्यायचे असतात, नाहीतर जॅकवर चाक नुसतं फिरतं. एवढं मला ठाऊक होतं. जॅकचं जे ठाऊक नव्हतं ते आमच्या अंगणानं शिकवलं. आमची जमीन म्हणजे कापसाची काळी कसदार माती. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती लोणी होते. मी जॅक फिरवत होतो, गाडी होती तिथंच होती, जॅक मात्र पाताळाकडे निघाला होता. बॅटरीमुळे या गाड्या आपल्या मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा चांगल्याच जड असतात, तो सगळा भार त्या तळहाताएवढ्या बुडावर. मिस्त्री ओरडला, "खाली पाट द्या!" घरातला जेवायचा सागवानी पाट आला. तो लग्नातला होता. कडकन् आवाज आला तेव्हा मी वर पाहिलं नाही, कारण काठी कुठं आहे ते मला माहीत होतं. शेवटी शहाबादी फरशीचा तुकडा सापडला, मागच्या चाकांना विटा लावल्या, निघालेलं चाक सुरक्षितता म्हणून गाडीखाली आडवं सारलं आणि अकरा वाजता काम सुरू झालं.

कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट असतात. खालचा काढला की चिमटा वरच्यावर पेटीच्या झाकणासारखा उघडतो. दोन्ही काढले की हातात येतो. मला तो हातातच हवा होता. त्याला त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचं नाही, नळी आतून फाटते, हे पोरगा आणि मिस्त्री एकदमच बोलले. दोघांचं त्या दिवशीचं हे पहिलं एकमत. बांधायला काय? बाबा उठले, गोठ्यात गेले आणि दावं घेऊन आले. आमची शेवटची जोडी विकून सहा वर्षं झाली, पण दावी खुंटीवर आहेत. त्यांनी चिमटा स्प्रिंगला असा बांधला, की एका ओढीत सुटावा आणि एरवी जनावरानं कितीही झटका दिला तरी सुटू नये. हे करताना त्यांचे गुडघे वाजले. मिस्त्रीनं तिकडे कान दिला आणि काही बोलला नाही.

खालची पिन लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. वरची हलेना. मी तिला पकडीनं पिळलं, गंज सोडवणारं तेल मारलं, हातोडीनं हळूच ठोकलं, मग जोरात ठोकलं. मग तिच्याशी बोललो. साडेबारा वाजता मिस्त्री आठ फुटांवरून सहा फुटांवर आला.

"भाऊ, ओढू नका. फिरवा. डावी-उजवी, डावी-उजवी."

सवाला ती सुटली आणि मी मागच्या मागे चिखलात बसलो. पिनेवर ग्रीस म्हणून जे काही होतं ते बघून सगळे गप्प झाले. तपकिरी, चिकट, मध्येच खडा. कढईच्या बुडाला करपलेली गुळाची काकवी दिसते तशी. तीन वर्षांत त्या पिनेनं कशावरून सरकायचं ते सगळं वाळून तिच्याच अंगाला धरलं होतं.

गाडगेबाबा आमच्या जिल्ह्यातले. गावात पाऊल टाकलं की आधी हातात खराटा, कीर्तन रात्री. त्यांचा फोटो आमच्या ओसरीवर आहे, खराट्यासकट. त्या फोटोखाली बसून मी दोन तास जे केलं त्याला साफसफाई म्हणण्यापेक्षा प्रायश्चित्त म्हणणं बरं. पिना ब्रेक क्लीनरनं धुतल्या. पिन ज्या भोकात बसते ते भोक चिंधी पिळून घालून घालून आतून पुसलं. पॅडचे कान ज्या खोबणीत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशनं घासला. चाक आतून लाल झालेलं, माझा चेहराही. ब्रेक क्लीनरच्या वासानं पोरगं तुळशीपासून गेटपर्यंत मागे सरकलं आणि तिथून सूचना देत राहिलं. इथं एक मजेशीर गोष्ट कळली. दोन पिना सारख्या दिसतात, पण एकीच्या टोकाला छोटंसं रबर असतं. कोणती वर, कोणती खाली, हे काढताना बघून ठेवायचं असतं. मी बघून ठेवलं नव्हतं. मिस्त्रीनं ठेवलं होतं.

डिस्क ब्रेकचं पहिलं पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या माणसानं १९०२ साली घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते, धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजायचे आणि भयंकर किंचाळायचे. हे मी जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हंजे सव्वाशे वर्सं झाले, आजूक कुईं-कुईं जात नाही?" याला उत्तर नाही.

जेवणानंतर ग्रीस. पिनेवर पातळ हात फिरवायचा, भोकात कोंबायचं नाही. जास्त भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. पॅडच्या कानांना जरासं, डिस्कला आणि पॅडच्या तोंडाला अजिबात नाही. मिस्त्रीला हा कंजूषपणा बघवेना. "वीस ग्रॅम आनलं आन दोन ग्रॅम लावता? लग्नात अत्तर लावल्यासारखं?" मग दट्ट्या हळूच मागे दाबला, म्हणजे चिमटा परत डिस्कवर बसावा. दट्ट्या मागे गेला की वरच्या डबीत ब्रेकचं तेल चढतं; ते सांडलं तर रंग खातं. ते तेल हवेतला ओलावा पितं म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं, हेही मला त्याच दिवशी कळलं, तीन वर्षांनी.

उजवं चाक तसं निरोगी होतं, पण त्याचंही केलं. सगळं बसवून, बोल्ट पुस्तकात दिलेल्या जोरानं आवळून उठलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. तिकडे १०५ तासांत ७५ किलोमीटर रस्ता. इकडे नऊ तासांत चार पिना. गिनीजवाल्यांना मी कळवलं नाही.

पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे खांदमळणी. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे दाठरलेले असतात. त्या दिवशी ते कोमट पाण्यानं शेकायचे, तुपात हळद कालवून मळायचे आणि दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आवतण द्यायचं. जोडी गेल्यापासून बाबा शेजारच्या वाड्यात जाऊन त्यांच्या बैलांचे खांदे मळून येतात. त्या दिवशीही वाटी घेऊन निघाले होते. अंगणात गाडीपाशी थांबले. वाटीत बोट बुडवलं.

"आबाजी!" पोरगं किंचाळलं. "डिस्कले नका लावू! ब्रेक नाही लागन!"

बाबांनी बोट बॉनेटकडे वळवलं, हळदीची एक रेघ ओढली आणि गाडीला हलक्या आवाजात आवतण दिलं. मिस्त्रीनं हात जोडले. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच गाडीच्या जवळ, अगदी टेकून उभा होता.

आता चालवून बघायचं. इलेक्ट्रिक गाडी 'डी'मध्ये टाकायला ब्रेक दाबावा लागतो. मी दाबला आणि पेडल अलगद, मऊसूत, थेट खालपर्यंत गेलं. माझं मन भरून आलं. ग्रीसनं एवढा फरक पडतो? मी 'डी' टाकलं, पेडल सोडलं, गाडी नेहमीसारखी आपणहून रांगायला लागली. पुन्हा पेडल दाबलं. पुन्हा अलगद, मऊसूत, खालपर्यंत. गाडी थांबली नाही. कारण दट्ट्या मी मागे दाबून ठेवला होता, आणि त्याला पुन्हा पॅडपर्यंत आणायला गाडी हलवण्याआधीच पेडल पाच-सहा वेळा दाबून घ्यायचं असतं. हे माहीत असलेले दोघेही जण त्या वेळी बॉनेटवरच्या हळदीकडे भक्तिभावानं बघत होते. "पंप! बाबा, पंप मारा!" पोरगं ओरडलं. मला वाटलं चाकात हवा कमी आहे.

तिसऱ्या दाबाला ब्रेक लागला, चौथ्याला घट्ट लागला. तोवर गाडीचं नाक कुटाराच्या ढिगात हातभर शिरलं होतं. तो ढीग जर्सीच्या नातीसाठी भरून ठेवलेला. ती गोठ्यातून मान वळवून, रवंथ थांबवून बघत होती. तिलेही काहीच करा लागत नाही.

पण आवाज गेला. हायवेवर जाऊन चार-पाच वेळा मुद्दाम ब्रेक मारला, चाक थंड, गाडी सरळ. आता आठवड्यातून एकदा, मागं कोणी नाही बघून, मोटरचं ब्रेकिंग कमीत कमीवर ठेवतो आणि खऱ्या ब्रेकला काम देतो. टोलनाक्याच्या अलीकडे. तिथं लोकांना वाटतं, मला टोल द्यायचा नाही.

राहता राहिली ट्यूब. अठरा ग्रॅम ग्रीस शिल्लक होतं आणि ते आपल्याला द्यावं असं बाबांनी पोळ्याच्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. दुपारपर्यंत त्यांनी झोपाळ्याच्या कड्या केल्या, रहाटाची चाकी केली आणि मग गेट केलं. आमचं गेट वीस वर्षं ओरडत होतं. विमावाला आला की लांब, पाहुणा आला की आखूड, आणि पोरगं रात्री उशिरा आलं की तीनदा तुटक. घरात बसल्या बसल्या कोण आलं ते कळायचं आणि कोणी आंघोळीला, कोणी मागच्या दारानं वावरात जायचं ते ठरवायचो. बाबांनी त्या गेटचे दोन्ही कबजे असे मळले, की ते आता बोटानं ढकललं तरी उघडतं. आवाज बिलकूल नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन येणार म्हणून बायको आत खाऊच्या पुड्या बांधत होती. बाहेर आली तेव्हा शेजारची बकरी सांबाराचा अख्खा वाफा खाऊन, गाडीच्या बॉनेटवरची हळद चाटत उभी होती, आणि तिच्या मागे, हात जोडून, विमावाला.